रुपया घसरला आणि महागही झाला? : 'वास्तव विनिमय दर' या शब्दाबद्दल

अनुवादिका :
अर्थशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाचं मराठीकरण करते आहे. एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. आशय असा : ज्या देशाची उत्पादकता इतरांपेक्षा झपाट्यानं वाढते, त्याचा 'वास्तव विनिमय दर' चढतो आणि तिथलं राहणं महाग होतं. घरी वाचून दाखवलं तर सासूबाईंनी विचारलं, "हा वास्तव, मग बँकेच्या पाटीवरचा दर काय अवास्तव?" मला काही उत्तर देता आलं नाही. 'खरा' लिहिलं तर घोळ वाढतो, 'वास्तविक' हिंदीच्या वळणाचं वाटतं. शिवाय उत्पादकता, उत्पादनक्षमता की कार्यक्षमता, हेही एकदा सांगा.

निवृत्त बँकवाला :
ताई, सोपं आधी उरकू. उत्पादनक्षमता म्हणजे कारखाना जास्तीत जास्त किती माल काढू शकेल ते. साखर कारखान्याच्या गाळप क्षमतेसारखं. उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका तासातून किती माल निघाला ते. नवीन शेड बांधली की क्षमता वाढते, उत्पादकता वाढेलच असं नाही. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. तुमच्या वाक्यात 'उत्पादकता'च हवं.

आता 'वास्तव'. इथे तो शब्द 'खोटं'च्या विरुद्ध नाही, 'पैशातलं'च्या विरुद्ध आहे. पगार दहा टक्के वाढला आणि महागाईही दहा टक्के वाढली, तर वास्तव वेतन होतं तिथेच राहिलं असं आपण म्हणतो. म्हणून पगार खोटा ठरत नाही. पाटीवरचा दर सांगतो, एका डॉलरला किती रुपये. वास्तव दर सांगतो, इकडच्या भरलेल्या एका बाजाराच्या पिशवीला तिकडच्या किती पिशव्या. शेवटी त्यात डॉलरही उरत नाही आणि रुपयाही नाही. सासूबाईंना पिशवीच सांगा.

कोल्हापुरी मास्तर :
'विनिमय दर' हा तसा नवा पाहुणा. आजोबांच्या पिढीचा शब्द 'हुंडणावळ'. दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी, तशी हुंडणावळ म्हणजे हुंडीचा बट्टा. पुढे चलनांच्या अदलाबदलीच्या दरालाही तोच शब्द लागला. १९२७ साली सरकारनं रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधला. मुंबईच्या गिरणीवाल्यांना १ शिलिंग ४ पेन्स हवे होते. हा हुंडणावळीचाच वाद. त्याआधी १९२३ साली डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना हुंडणावळीपेक्षा रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राहण्याला जास्त महत्त्व दिलं होतं. म्हणजे पाटी आणि पिशवी वेगळ्या आहेत, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी मांडून झालंय. 'वास्तव हुंडणावळ' लिहा असं मी म्हणत नाही, विद्यार्थी पळून जातील!

टोकियोवासी :
आठ वर्षं इथे आहे. पुण्याला आलो की पहिल्याच दिवशी केस कापून घेतो. टोकियोतल्या नेहमीच्या दुकानात एकदा कापायला जे पडतं, त्यात पुण्यात तीन-चारदा कापून होतात. मोबाइल मात्र दोन्हीकडे जवळपास त्याच भावाला. हा फरक म्हणजेच अनुवादिकाताईंचं वाक्य, असं मला वाटतं.

अनुवादिका :
म्हणजे आपल्या न्हाव्याची उत्पादकता कमी? हे मला पटत नाही. आमच्या चौकातला माणूस दहा मिनिटांत मोकळा करतो.

टोकियोवासी :
तसं अजिबात नाही, आणि मराठीत वाक्य फसतं ते इथेच. न्हाव्याची उत्पादकता दोन्हीकडे सारखीच धरा. फरक कारखान्यात आहे. समजा, जपानी कामगार दिवसात दहा सदरे शिवतो, आपला दोन. सदरा जहाजात चढतो, त्यामुळे त्याचा भाव जगभर साधारण एकच. मग जपानी कामगाराची मजुरी पाचपट होणार. आता न्हाव्याला पाचपट मिळालं नाही, तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. त्याला धंद्यात टिकवायचं तर कटिंगचा भाव पाचपट हवा, कारण डोकी तर तो आपल्या न्हाव्याइतकीच कापतो. घरभाडं सोडून शिकवणी, शिंपी, मोलकरीण, सगळ्यांना हेच लागू. भाड्यात जमिनीचीही भानगड आहे.

म्हणून 'देशाची उत्पादकता वाढली' असं मोघम लिहू नका. निर्यात होऊ शकणाऱ्या मालाची उत्पादकता न्हावीकामासारख्या कामांपेक्षा जास्त वाढली, असं हवं. दोन्हीकडे सारखी वाढली, तर यातलं काहीच घडत नाही.

निवृत्त बँकवाला :
अगदी बरोबर. १९६४ साली बेला बलाशा आणि पॉल सॅम्युअलसन या दोघा अर्थतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे हे मांडलं, म्हणून 'बलाशा-सॅम्युअलसन' असं जोडनाव पडलं. रॉय हॅरॉडनं त्याचा गाभा १९३३ सालीच सांगितला होता, नावात मात्र त्याला क्वचितच जागा मिळते. आणि ताई, मराठी पुस्तकांत 'बालासा' छापतात. तो बुडापेस्टचा, हंगेरियनमध्ये 's' या अक्षराचा उच्चार 'श' होतो. 'बलाशा' लिहा.

कोल्हापुरी मास्तर :
मग या दोन प्रकारच्या मालाला म्हणायचं काय? 'व्यापारयोग्य' आणि 'अव्यापारयोग्य' वाचताना दातात खडा येतो. न्हावी व्यापार करत नाही की काय?

अनुवादिका :
मी 'स्थानबद्ध सेवा' लिहिलं होतं.

कोल्हापुरी मास्तर :
अहो, स्थानबद्ध म्हणजे नजरकैद! न्हाव्याला पोलीस बंदोबस्त कशाला?

निवृत्त बँकवाला :
'विनिमेय-अविनिमेय' तर मुळीच नको, तो जोड चलनाच्या परिवर्तनीयतेशी, म्हणजे एक चलन दुसऱ्यात बदलून मिळण्याशी, गुंततो. 'सीमापार जाणारा माल' आणि 'जागेवरची कामं' असं सरळ लिहा. चार अक्षरं वाढली तर वाढू द्या.

टोकियोवासी :
उदाहरण जपानचंच द्या, इतकं धडधडीत दुसरं नाही. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन, दर घट्ट बांधलेला. पाटी हललीच नाही. पण साठच्या दशकात गाड्या, रेडिओ, पोलाद यांची उत्पादकता भराभर वाढली. घाऊक भाव जवळपास स्थिर राहिले आणि ग्राहकांचे भाव मात्र दरवर्षी चढत गेले. कारण ग्राहकाच्या पिशवीत कटिंग आणि शिकवणी असते, घाऊक भावांत ती नसते. पाटी तीच असूनही पिशवी महागली, म्हणजे वास्तव दर चढला. पुढे येन मोकळा झाल्यावर तोच चढ पाटीवरही आला : १९८५ साली २४० च्या आसपास, १९९५ च्या एप्रिलमध्ये ८० च्याही खाली.

पुढचा भाग पुस्तकांत सहसा नसतो. नव्वदीनंतर इथली वाढ मंदावली, पगार थिजले, भाव थिजले. २०२४ पर्यंत येनचा वास्तव दर उतरत उतरत पन्नासेक वर्षांपूर्वीच्या पातळीला आला. त्यात व्याजदरांचाही मोठा हात आहे, सगळं बिल उत्पादकतेच्या नावावर फाडू नका. पण आज इथे येणारे पर्यटक 'काय स्वस्त आहे हो!' म्हणतात, आणि दुकानदारांना ते ऐकून आनंद होतो असं मला तरी दिसत नाही.

अनुवादिका :
मग भारताची वाढ अमेरिकेपेक्षा वेगवान आहे, तर आपली पिशवी अमेरिकेच्या जवळ यायला हवी. येते आहे का?

निवृत्त बँकवाला :
जागतिक तुलनेचे आकडे बघा. २०११ साली अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तूंसाठी भारतात १५.५५ रुपये लागत, बाजारातला दर होता ४६.६७. २०१७ साली २०.६५ आणि ६५.१२. भागाकार करा : आधी ३३ टक्के, नंतर ३२. म्हणजे अमेरिकेच्या मानानं आपण सहा वर्षांत काडीभरही महागलो नाही. जगाच्या सरासरीशी तुलना केली तर मात्र महागलो, कारण त्या काळात डॉलरच इतरांपुढे वधारला होता. हा सिद्धांत लांब पल्ल्याचा आहे. पाच-सहा वर्षांत व्याजदर, तेल आणि भांडवलाची ये-जा त्याला सहज झाकून टाकतात.

आता तुमच्या मथळ्याकडे येतो. रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या टोपलीशी तुलना करून वास्तव दराचा निर्देशांक काढते, पाया २०१५-१६ = १००. २०२४ च्या अखेरीस रुपया डॉलरपुढे ८४ च्या पलीकडे घसरलेला आणि निर्देशांक मात्र १०८ च्या आसपास. इतर चलनं जास्त घसरली होती आणि आपली महागाई त्यांच्यापेक्षा जास्त होती. बातम्यांत लगेच 'रुपया फाजील महाग' आलं. पण १०० हा काही देवानं ठरवलेला आकडा नव्हे. त्यातला काही चढ उत्पादकतेतून आलेला असेल, तर तो दोष म्हणता येत नाही. आणि नुसत्या महागाईतून आला असेल, तर निर्यातदाराला तो बोचतो. नुसता निर्देशांक पाहून हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

कोल्हापुरी मास्तर :
क्रियापदंही सांभाळा. सरकारनं ठरवून उतरवलं की अवमूल्यन : जून १९६६ मध्ये ४.७६ वरून ७.५०, पुन्हा जुलै १९९१ मध्ये. बाजारात उतरला की घसरण, चढला की वधारणं. वास्तव दराला यातलं काहीच लावू नका, वाचक पाटीकडेच बघेल.

अनुवादिका :
असं केलंय, पाहा : "सीमापार जाणाऱ्या मालाची उत्पादकता जागेवरच्या कामांच्या तुलनेत इतर देशांपेक्षा वेगानं वाढली, की मजुरी वाढते, जागेवरची कामं महागतात आणि देशाचा वास्तव विनिमय दर चढतो, पाटीवरचा दर हलला नाही तरीही."

कोल्हापुरी मास्तर :
'पाटीवरचा' संपादक ठेवणार नाहीत.

अनुवादिका :
सासूबाईंना कळलंय. संपादकांशी मी बोलते.