खुनी कोण, हे तुम्ही शोधता की वाट पाहता? रहस्यकथा वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे अनुभव

अर्धविराम
रहस्यकथा वाचणाऱ्यांचे दोन पंथ असतात. एक लेखकाशी झुंजणारा, दुसरा त्याच्या मागून निमूट चालणारा. मी दुसऱ्या पंथातली. लेखकाने पानोपानी सुगावे पेरले तरी मला शेवटपर्यंत काही कळत नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा असते. पण झुंजणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. ते नेमकं काय बघतात, हे विचारायला हा धागा.

एडगर ॲलन पोने १८४१ साली बंद खोलीतल्या खुनाची कथा लिहिली, तिथून आधुनिक गुप्तहेरकथा सुरू झाली असं मानलं जातं. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा नियम मांडले. हा गृहस्थ स्वतःही रहस्यकथा लिहायचा. खुनी कथेच्या सुरुवातीच्या भागात भेटलेला असावा, गुप्त भुयार एकाहून जास्त नसावं, जुळे भाऊ पूर्वकल्पना न देता आणू नयेत, गुप्तहेराला मिळालेला सुगावा वाचकापासून दडवू नये. थोडी थट्टा, पण बरीचशी तळमळ. मुद्दा एवढाच, की लेखकाने फसवावं, पण लबाडी करू नये. ही रेघ तुमच्या मते कुठे आहे? वाचक म्हणून, आणि कोणी लिहीत असेल तर लेखक म्हणूनही सांगा. विनंती एकच: कोणत्याही पुस्तकाचा रहस्यभेद नको.

काठावरचा
सगळ्यात आधी शिव्या खाऊन घेतो. मी शेवटचं प्रकरण आधी वाचतो.

खुनी कळला की माझी धाकधूक संपते आणि खरं वाचन सुरू होतं. आता मला दिसतं की हा माणूस दुसऱ्या प्रकरणात घड्याळाकडे का बघत होता. त्याच्या तोंडी आलेलं प्रत्येक वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं, आणि लेखकाने दोन्ही अर्थ खरे ठेवलेत का हे तपासण्यात जी मजा आहे ती धक्का बसण्यात नाही. रिचर्ड ऑस्टिन फ्रीमनने १९१२ च्या कथासंग्रहात हा प्रकार उघडच केला होता: आधी गुन्हा होताना दाखवायचा, मग तपास. वाचक तरी थांबलेच ना? उत्तर माहीत असताना जी कथा वाचवत नाही, ती मला कथा वाटत नाही, कोडं वाटतं. कोडं सुटलं की कागद चुरगाळून फेकतात.

निशाचर
काठावरचा, तुमच्याशी बोलणं बंद.

अर्धविराम, मी पहिल्या पंथातला, आणि कट्टर. शेजारी कागद असतो. कोण, कुठे, किती वाजता, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. लेखक स्वतः सांगतोय की एखादं पात्र सांगतंय, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. निवेदकाने थेट खोटं बोललेलं मी सहन करत नाही, पात्रांनी खुशाल बोलावं.

‘ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय तोच खुनी’ हा ठोकताळा केव्हाच जुना झाला, कारण लेखकांनाही तो पाठ आहे. त्याऐवजी मी जागेचा हिशेब बघतो. शब्द लेखकाला फुकट मिळत नाहीत. दार उघडून बाजूला होणाऱ्या रखवालदाराला नाव दिलंय, वर त्याचा गुडघा दुखतोय हेही सांगितलंय, तर का? दुसरी खूण म्हणजे यादी. खोलीतल्या पाच-सहा वस्तू एका दमात सांगितल्या, की कामाची वस्तू बहुधा मधे असते. पहिली आणि शेवटची लक्षात राहते, मधली निसटते. तिसरी, बावळट पात्रं. घरातल्या ज्या आत्याबाईंचं कोणी ऐकत नाही, त्यांची बडबड मी दोनदा वाचतो. खरं वाक्य अशा तोंडी घातलं की वाचक स्वतःच ते उडवून लावतो. लेखकाने काही लपवलेलं नसतं.

उलगड्याच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून माझं उत्तर लिहून ठेवतो. चुकलो तर आनंदच होतो, पण चुकायचं कारण मागच्या पानांवर सापडलं पाहिजे. आयत्या वेळी परदेशातून उगवलेला सावत्र भाऊ निघाला, तर तो लेखक माझ्यासाठी संपला.

फॉर्मलिन
मी न्यायवैद्यक शाखेचा डॉक्टर आहे. घरात रहस्यपट लागला की मला दुसऱ्या खोलीत पाठवतात.

सगळ्यात मोठी तक्रार मृत्यूच्या वेळेची. गुप्तहेराबरोबर आलेला डॉक्टर मृतदेहाकडे नजर टाकतो आणि ‘रात्री पावणेअकरा’ असं सांगून मोकळा होतो. अहो, कसं शक्य आहे? मृत्यूनंतरचा ताठरपणा आधी पापण्या, जबडा अशा लहान स्नायूंत जाणवतो, साधारण दोन ते चार तासांत. सर्वांगाला यायला बारा तासांच्या आसपास लागतात, मग काही काळ टिकून तो उतरतो. हे सगळं हवामान, अंगावरचे कपडे, माणसाची शरीरयष्टी आणि मृत्यूआधी झालेली धावपळ यांवर बदलतं. म्हणून आम्ही वेळ नाही, अंदाजाची पट्टी देतो, आणि तीही चांगली रुंद. लेखकांनी खरं तर या पट्टीवर खूश व्हायला हवं. तीन-चार तासांच्या संदिग्धतेत अख्खी कादंबरी मावते.

कमी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे रक्ताचा साका. रक्त थांबलं की ते खालच्या बाजूला उतरतं आणि त्वचेवर जांभळट डाग दिसतात. काही तासांनी ते पक्के होतात. त्यानंतर मृतदेह पालथा केला तरी डाग जुन्या बाजूलाच राहतात. ‘मृतदेह हलवलाय’ हे ठरवायला भिंग घेऊन रांगायची गरज नसते.

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत कोसळतो, हेही झूट. काही मिनिटं लागतात, तोवर माणूस झटापट करतो, आणि मात्रा चुकली तर जीवच जातो. विषांच्या बाबतीत ॲगाथा ख्रिस्तीला मात्र मी मानतो. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं, आणि १९२० मध्ये आलेल्या पहिल्याच कादंबरीत विषप्रयोग आहे. लक्षणं आणि वेळ यांचा मेळ तिथे बसतो, कारण बाईने बाटल्या हाताळलेल्या होत्या.

जाता जाता, नॉक्सच्या जुळ्यांबद्दल. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच येतो, पण बोटांचे ठसे वेगळे असतात. जुळे आणणारच असाल तर खुन्याला हातमोजे घालायला विसरू नका.

पडदा
मी दृष्टिहीन आहे, रहस्यकथा ऐकते. श्रवणात मागचं पान चाळता येत नाही. म्हणजे येतं, पण नेमकी जागा शोधणं इतकं कटकटीचं की शेवटी डोक्यातच कागद तयार होतो. निशाचर म्हणतात त्या यादीतली मधली वस्तू मला मात्र चटकन सापडते, कारण वाचणारा निवेदक तिथे नकळत घाई करतो. सुगाव्याच्या वाक्यावर अकारण थबकणारेही आहेत. त्यांची पुस्तकं मी कृत्रिम आवाजात ऐकते. यंत्राला कशाचं सोयरसुतक नसतं.

माझी तक्रार आंधळ्या साक्षीदारांबद्दल आहे. हे लोक पावलांच्या आवाजावरून माणसाची उंची, पेशा आणि मनातला हेतू सांगतात. मला जिन्यावरून कोण येतंय ते ओळखीच्या माणसाचं कळतं, तेही चप्पल बदलली नसेल तर. आणि आम्ही कथेत साक्षीदारच का असतो? एखादी आंधळी खुनी लिहा की. घरात अंधार करायचीही गरज नाही, तिच्याकडे कोणी संशयाने बघणारच नाही.

काठावरचा
पडदा, हे कथानक चोरीला जाणार बघा.

शेवटून पहिला
चोरणारा मीच असेन. रहस्यकथा लिहितो, काही छापूनही आल्यात.

मी गुन्ह्यापासून मागे जातो. आधी खुन्याची बाजू पूर्ण लिहून काढतो, अगदी कंटाळवाण्या तपशिलांसह. तो त्या दिवशी सकाळी काय करत होता, कुणाला खोटं बोलला, कशाला घाबरला. यातली बरीच पानं छापली जात नाहीत, पण ती नसतील तर खुनी केवळ शेवटच्या प्रकरणासाठी ठेवणीतून काढल्यासारखा दिसतो. मग शेजारी शेजारी दोन रकाने: खरोखर काय घडलं आणि गुप्तहेराला ते कोणत्या क्रमाने कळलं. कथा म्हणजे दुसरा रकाना.

सुगावा लपवायची माझी आवडती जागा म्हणजे भांडण. दोन पात्रं तावातावाने बोलत असताना वाचक कोण जिंकतंय ते बघतो, कोण काय बोलून गेलं ते नाही. विनोदही चालतो. हसलेला वाचक पुढे सरकतो.

मोबाइलमुळे आमचं कंबरडं मोडलं असं म्हणतात. एकाकी वाडा, तुटलेली तार, वेळेवर न पोचलेलं पत्र, सगळं गेलं. मला ते पटत नाही. आता प्रत्येक पात्राच्या खिशात त्याच्याविरुद्धचा साक्षीदार आहे. फोन घरी ठेवून गेलेला माणूस संशयास्पद, आणि फोन दुसऱ्याच्या हाती देऊन पाठवलेला त्याहून जास्त. फक्त बॅटरी संपवून सुटका करून घेणाऱ्या लेखकांना माफी नाही.

हस्तलिखित मी आधी एका मैत्रिणीला देतो. ती खुनी जवळजवळ नेहमी ओळखते, ते मी मनावर घेत नाही. कशावरून ओळखलं ते विचारतो. ‘तूच त्याच्याशी फार गोड वागतोस’ असं म्हणाली, तर त्या पात्राची सगळी वाक्यं पुन्हा लिहावी लागतात.

काळा कोट
वकील आहे, थोडक्यात सांगतो. कथांमधले साक्षीदार एकतर खरं बोलतात नाहीतर खोटं. मी रोज पाहतो तो तिसरा प्रकार: मनापासून, शपथेवर, ठामपणे चुकीचं सांगणारा. त्याला शर्ट निळा आठवतो आणि तो हिरवा असतो. खोटारड्याची उलटतपासणी सोपी, याची महाकठीण, कारण याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतंच. रहस्यकथेत हा माणूस फार क्वचित भेटतो. लबाडी न करता वाचकाला चकवायचं असेल, तर त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणी नाही.

उंबरठा
मी काही वर्षं रहस्यकथा वाचणं सोडलं होतं. ओळखीतल्या एका घरात खरोखरच खून झाला. तपशील देणार नाही. त्यानंतर कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्या वीस पानांत मेलेल्या माणसाचं मला वाईट वाटायचं, आणि पुस्तकात कोणालाच ते वाटत नसायचं. बैठकीत सगळे जमलेत, गुप्तहेर मिशीत हसतोय, कोणी वारशाचा हिशेब मांडतंय. गेलेल्या माणसाचं अंथरूण कोणी आवरलं, त्याच्या नावाने येणारे फोन कोण घेतंय, याबद्दल ओळसुद्धा नाही.

परत वळले ती ज्या कथांमध्ये मृत माणूस हळूहळू उभा राहतो, अशा कथांमुळे. तपास म्हणजे शेवटी त्याचीच ओळख करून घेणं असतं: कुणाचे पैसे त्याने बुडवले, कुणाची फी गुपचूप भरली. अशा पुस्तकात खुनी कोण हे मला लवकर कळलं तरी चालतं. कोड्याच्या कथांना मी नावं ठेवत नाही, पण मला त्या आता झेपत नाहीत. काठावरचा, शेवट आधी वाचणं मला समजू शकतं. काही दिवस मीही तेच करत होते, फक्त वेगळ्या कारणासाठी.

अर्धविराम
उंबरठा, लिहिलंत हे बरं केलंत. वाचकाशी प्रामाणिक राहण्याबद्दल आपण एवढं बोलतोय, मेलेल्याशी प्रामाणिक राहण्याचं कलम नॉक्सच्या यादीतही नाही.

शेवटून पहिला
उंबरठा, माझ्या दोन रकान्यांमध्ये मृताचा रकानाच नाही, हे आत्ता जाणवलं. विचार करतो.

डॉक्टर, एक शंका. सध्याच्या कथेत खुनी खोलीतलं वातानुकूलन यंत्र रात्रभर पूर्ण थंड करून ठेवतो आणि पहाटे बंद करतो. म्हणजे मृत्यूची वेळ चुकेल. चालेल का?

फॉर्मलिन
चालेल, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. थंडीत शरीर लवकर गार होतं, त्यामुळे तापमानावरून मृत्यू आधी झाल्यासारखा वाटेल. पण ताठरपणा थंडीत उशिरा येतो, त्यावरून मृत्यू अलीकडचा वाटेल. दोन खुणा दोन दिशांना बोट दाखवतील. अंग गार आणि सांधे त्या मानाने सैल, हे पाहून मी पहिला प्रश्न खोलीच्या तापमानाबद्दलच विचारेन.

शेवटून पहिला
म्हणजे माझा खुनी तिसऱ्या प्रकरणातच सापडला.

निशाचर
तुमच्या कथेतला डॉक्टर कामात थोडा ढिला दाखवा, पण त्याने नोंदवहीत दोन्ही खुणा लिहिलेल्या असू देत. वाचकाला नोंदवही दाखवा, मध्यावर, एखाद्या भांडणाच्या आधी. मला ती सापडली नाही, तर पुढच्या पुस्तकाचे पैसे आगाऊ देईन.

काठावरचा
माझ्या बाबतीत मात्र यंत्राचं गुपित आत्ताच फुटलंय. या वेळी मी पहिल्या पानापासून वाचेन.