लोककला महोत्सव भरवताना: खान्देशातल्या कामकऱ्यांचा अनुभव धागा

राम राम मंडळी. कापूस घरात आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांत लोकगीत-लोकनृत्याच्या महोत्सवाची बोलणी सुरू होतात. मैदान, वाद्यं, आवाज, कलाकारांची ने-आण यातलं काहीही ज्यांनी सांभाळलं असेल, त्यांनी इथे लिहावं. सत्कार आणि पाहुण्यांची नावं नकोत. मापं लिहा, वेळा लिहा, काय चुकतं आणि का चुकतं ते लिहा. लांब झालं तरी चालेल.

कार्यक्रम ठरवणारा

आधी पंचांग बघा, मग पथकं बोलवा. कानबाई ही खान्देशातली देवी, तिची गाणी श्रावणातली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. मुलींची गुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, गौराईची गाणी आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर, आदिवासींचा डोंगऱ्या देव उत्सव मार्गशीर्षात. ही गाणी डिसेंबरच्या मंचावर म्हणायला बायका तयार होतात, पण कानबाईची स्थापना, आरती, विसर्जन यांचा देखावा मागू नका.

सातपुड्यातल्या होळीबद्दल तर जास्तच जपा. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून आयोजक थेट म्हणतात, "बावा-बुध्याचं एक पथक पाठवा." बावा-बुध्या हे होळीतलं सोंग; त्याच्या अंगावरची नक्षी, कमरेचे दुधी भोपळे, घुंगरू, डोक्यावरचा पिसांचा टोप हे सगळं मानतेचं (नवसाचं) असतं. सोंग घेणारा माणूस होळीच्या दिवसांत पालनी (व्रताचे नियम) पाळतो आणि मगच ते अंगावर घालतो. महोत्सवासाठी ढोल आणि पावीवरचा (पावी म्हणजे बांबूची बासरी) साधा नाच मागावा. कोणतं सोंग मंचावर चालेल हे पथकातल्या जाणत्या माणसाला विचारावं आणि त्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपवावा.

निवेदकालाही आधी बसवून सांगा. खान्देशातलं प्रत्येक गाणं अहिराणी नसतं. पावरी, भिली, मावची, कोकणी (आपल्याकडच्या कोकणा समाजाची) या वेगळ्या बोली आहेत. सातपुड्यातल्या धडगावचं पथक आलं आणि निवेदकाने "आता ऐकूया अहिराणी गोडवा" म्हटलं की पुढे कितीही टाळ्या पडल्या तरी त्या पथकाचं मन उतरलेलं असतं.

मैदान आणि मंडप बघणारा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोलाचा नाच मंचावर चढवणं. हिशेब करून बघा. एकमेकांच्या कमरेत हात घालून 60 जण उभे राहिले तर माणशी 2 फूट धरून घेर 120 फुटांचा होतो, म्हणजे व्यास साधारण 38 फूट. मधे ढोलवाले, बाहेरून 10-10 फूट मोकळी जागा. साठ फुटांचं गोल रिंगण हवंच. नेहमीचा मंच 40 बाय 32. त्यावर ते 60 जण चढवले की रांग दुमडते, कडेच्यांचा पाय चुकतो आणि ढोलवाला मागे कोपऱ्यात ढकलला जातो. नाचणाऱ्यांचा ताल तर त्याच्या खांद्याकडे बघून चालतो.

म्हणून मंच वहीगायनाला (डफावर गायच्या कथागीतांना), सोंगाड्या पार्टीला (लोकनाट्याला) आणि बसून गाणाऱ्यांना. नाचाला जमीन.

आता जमीन. आपल्याकडे बहुतेक मैदानं काळ्या मातीची. पाणी मारलं की तळपायाला चिकटते, सुकली की भेगा पडतात आणि भेगेत अंगठा अडकतो. साठ फुटांच्या रिंगणावर चाळलेला मुरूम टाका. दबून 3 इंच थर राहायला साधारण 9 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. न चाळलेला टाकू नका, अनवाणी नाचणाऱ्याला एक खडा पुरतो. मुरूम 2 दिवस आधी पडावा, पाणी मारून रोलर फिरवावा. शेवटचं पाणी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी 5 ला टँकर आणला की वरचा थर निसरडा होतो आणि पहिल्याच गिरकीत कुणीतरी पडतं.

मंचाला 8 बाय 4 चे प्लाय 40 लागतात. सांध्यांवर सतरंजी घालून भागत नाही, खालून पट्टी मारून सांधे एका पातळीत आणा. घुंगरांचा पाय आपटला की सैल प्लाय ढोलासारखा वाजतो आणि माइकमध्ये तोच ऐकू येतो.

डफ-ढोलवाला

वहीगायनाचा जीव डफात असतो. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. तापी-गिरणाकाठच्या गावात हिवाळ्यात रात्री 9 नंतर दव पडायला लागलं की हमखास हे होतं. मंचामागे शेकोटीची जागा आधीच ठरवा: मंडपाच्या कापडापासून 20 फूट लांब, शेजारी वाळूच्या 2 बादल्या आणि पाण्याचा पिंप. जाळ नको, निखारे हवेत. डफ हातभर अंतरावर धरून फिरवत राहायचा, दर थोड्या वेळाने बोटाने वाजवून बघायचा. कडेजवळचं कातडं जास्त तापलं की तिथूनच फाटतं, आणि ते सहसा शेकताना नाही, पुढच्या जोरदार थापेला फाटतं. म्हणून गाणं सुरू व्हायच्या 10 मिनिटं आधी शेकणं थांबवा.

पूर्वी मंचाच्या कडेला मोठे हॅलोजन असत, त्यांच्या उबेनेच डफ ताठ राहायचे. आता एलईडी आले, ते ऊब देत नाहीत. दिवे बदलले तेव्हा शेकोटी वाढवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. फायबरचं पान दवाला दाद देत नाही हे खरं, पण त्याचा आवाज टणक येतो, वहीच्या संथ चालीला तो टोचतो. सरावाला ठेवा, मंचावर कातडंच असू द्या. तीन डफांमागे एक तयार जादा.

पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचं उलटं आहे. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेणाचे सांधे. तिला ऊन लागलं की मेण मऊ होतं, हवा गळते आणि सूर उतरतो. डफ आणि पावरी एकाच खोलीत ठेवून हीटर लावू नका.

आवाजवाला

ढोलाला माइक लागत नाही. रिंगणाच्या मधोमध मोठा ढोल असेल तर तो मैदानभर पुरतो. उचलायची असते ती पावी. तिचा माइक भोकांच्या बाजूला एक वीत अंतरावर, फुंकेच्या समोर नाही, नाहीतर नुसता फुसफुसाट येतो.

मैदान लांब असेल तर 100 फुटांवर स्पीकरची दुसरी जोडी लावतात आणि तिला विलंब द्यायला विसरतात. आवाजाला 30 मीटर जायला जवळपास 90 मिलिसेकंद लागतात. तेवढा विलंब नसेल तर मागच्या लोकांना प्रत्येक टाळ दोनदा ऐकू येतो आणि ते पथक बेताल आहे असं समजतात.

जनरेटरचं थोडक्यात: आवाज 5 किलोवॅट, दिवे 4 किलोवॅट धरले तर 9 भागिले 0.8 (पॉवर फॅक्टर), म्हणजे सव्वाअकरा केव्हीए. मशीन 15 चं घ्या. आवाज आणि दिवे वेगळ्या फेजवर. न्यूट्रलचा सांधा स्वतः ओढून बघा, तो सुटला की एका फेजवर दाब वाढून मिक्सर जळतो.

गीतमंडळाच्या ताई

आवाजवाल्या दादांनी बायकांच्या गाण्याचं लिहिलंच नाही. गौराई, गुलाबाईची गाणी एक बाई उचलते आणि बाकीच्या झेलतात. प्रत्येकीच्या हातात माइक दिला की त्या एकमेकींकडे बघायचं सोडून माइककडे बघतात, आणि झेल तुटतो. बऱ्याच जणी सरळ सांगतात, "आमले माईक नको." अर्धगोल बसवा, मधे जमिनीलगत स्टँडवर 2 माइक. बाईपासून माइक 2 फुटांवर असेल तर दोन माइकांत 6 फुटांचं अंतर. पंखा बंद. टिपऱ्या असतील तर माइक टिपऱ्यांपासून दूर, गळ्याकडे वळवलेले.

आणखी एक. चित्रण करायचं तर आधी विचारा, आणि कुठे दाखवणार तेही सांगा. मांडवापुढे गाणं वेगळं, सगळ्या जगाच्या मोबाइलवर जाणं वेगळं.

वेळापत्रक करणारा

ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात, आणि 2010 च्या दुरुस्तीपासून त्यात वाद्यंही आली. "माइक बंद करून ढोल चालू ठेवू" ही सबब चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. आपला दिवस त्या यादीत आहे का, हे तारीख छापण्याआधी बघा.

सहा ते दहा म्हणजे 240 मिनिटं. उद्घाटनाला 20, राहिली 220. पथकाला 30 मिनिटं आणि बदलीला 10 धरली तर 5 पथकं बसतात, वर 20 मिनिटं उरतात. पत्रिकेवर मात्र 14 पथकं असतात, मग बदलीचा वेळ वजा जाता प्रत्येकाला जेमतेम 6 मिनिटं मिळतात. वहीचा गण संपेपर्यंतच 8 मिनिटं होतात. कथा सुरू व्हायच्या आधी पडदा टाकणं म्हणजे पथकाला बोलवून दारात उभं ठेवणं. पथकं जास्त असतील तर दिवस 2 करा.

ने-आण आणि मानधन बघणारी

धडगाव, मोलगीकडची मंडळी रात्री परत पाठवू नका. चांदसैली घाट अंधारात, दमलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर नको. मुक्काम, पांघरुणं, बायकांना वेगळी खोली आणि सकाळचा चहा हे खर्चात आधीच धरा. ढोल टपावर न्यायचा तर पान वर किंवा खाली करू नका, खोडावर आडवा ठेवा, खाली पोतं, वरून ताडपत्री. दुधी भोपळे पोत्यात भरायचे नाहीत, दोरीला ओवून गाडीत आत टांगायचे. दबून तडकले तर नवे सुकून तयार व्हायला पुढचा हंगाम लागतो.

अर्धं मानधन निघताना, अर्धं मंचावरून उतरल्यावर लगेच, तेही पथकाने सांगितलेल्या माणसाच्या हातात. गावापर्यंतचं भाडं मानधनातून कापायचं नाही. धनादेश दिला तर तो वटवायला धडगावच्या माणसाची एक दिवसाची मजुरी जाते.