कार्बन फायबरचा पार्ट मोल्डला धरतोय, आत पांढुरका थर राहतोय

रेसटीम_पुणे
नमस्कार. आम्ही इंजिनिअरिंगची मुलं, फॉर्म्युला स्टुडंट गाडी (विद्यार्थ्यांनी बनवायची छोटी रेस कार) बनवतोय. जानेवारीत कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरवायची आहे. नोज कोनचा (गाडीच्या पुढच्या टोकाचा) फीमेल मोल्ड, म्हणजे आतून पोकळ साचा, पॉलिएस्टर जेलकोट (साच्याचा गुळगुळीत वरचा थर) आणि ग्लास मॅटचा. त्यात कार्बन कापड, इपॉक्सी रेझिन, वर व्हॅक्यूम बॅग. रिलीजला, म्हणजे पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून, कार्नोबा वॅक्स. पहिला पार्ट नुसतं थोपटल्यावर सुटला, पुढच्याला जोर लागला. आता टोकाच्या आतल्या कोपऱ्यात जेलकोटचा टवका उडाला आणि मोल्डवर धुरकट पट्टे राहिलेत. दर वेळी वॅक्सचे हात वाढवतोय, तरी धरणं वाढतच चाललंय. पार्ट मोल्डमध्येच ठेवून ओव्हन ८० डिग्रीला लावतो. मोल्ड घासून काढायचा का? की सेमी-पर्मनंट एजंट (एकदा लावून बरेच पार्ट निघतात असं रिलीज) घ्यायचा?

भोसरीचा_साचेवाला
घासायला लगेच बसू नका. आधी तो थर कसला आहे ते बघा. नखाने खरवडा. मेणचट वाटून नखात आला तर जुनं वॅक्स. नख नुसतं घसरलं, खालचा थर हललाच नाही, तर ती रेझिनची पापडी. मग पांढऱ्या सुती कापडावर थोडं एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) घेऊन एक वीतभर जागा पुसा. वॅक्स विरघळतं, कडक झालेलं इपॉक्सी विरघळत नाही. सगळा निर्णय यावर आहे.

तुमचं वर्णन वाचून दोन्ही असेल असं वाटतं, आणि कारण ओव्हनमध्ये आहे. कार्नोबा साधारण ८२ ते ८६ डिग्रीला वितळतं. बाजारातल्या पेस्टमध्ये इतर मऊ मेणंही असतात, ती त्याच्या आधीच ढिली पडतात. ८० डिग्रीला, वरून व्हॅक्यूमचा दाब असताना, वॅक्सचा थर जागेवर राहीलच असं नाही. त्यातून साधा पॉलिएस्टर मोल्डही त्या तापमानाला मऊ होऊ लागतो. कोपऱ्यात रेझिन साचतं, तिथे उष्णता जास्त निर्माण होते, आणि तिथेच पार्ट पकडतो. टवका कोपऱ्यातच उडाला, ते म्हणूनच.

पार्ट मोल्डमध्ये खोलीच्या तापमानाला कडक होऊ द्या, थंडच काढा, आणि मग बाहेर आधार देऊन हळूहळू तापमान वाढवत पोस्ट-क्युअर करा, म्हणजे तापवून पुरता पिकवा. हा एक बदल केलात तरी निम्मा त्रास जाईल.

वॅक्सचे हात वाढवून उपयोग का होत नाही, तेही सांगतो. नव्या वॅक्समधला सॉल्व्हंट खालचं वॅक्स मऊ करतो. नीट वाळू दिलं नाही, बफ (कापडाने घासून चमकवणं) अर्धवट केलं, की थरावर थर चढतो आणि पुढच्या पार्टबरोबर तुकड्यातुकड्यानं उखडतो. हात पातळ हवा, इतका की लावला की नाही अशी शंका यावी. दोन हातांत किमान तासभर अंतर ठेवा, आणि बफला दर वेळी कोरं कापड घ्या.

मोल्ड नवा आहे का? जेलकोट पुरता पिकला नसेल तर त्यात स्टायरीन (पॉलिएस्टरमधलं उग्र वासाचं रसायन) उरलेलं असतं, आणि इपॉक्सी अशा पृष्ठभागाला फार घट्ट धरतं. वास येत असेल तर मोल्ड आणखी आठवडाभर उघडा ठेवा.

रेसटीम_पुणे
सर, नखाने पाहिलं. बहुतेक भाग मेणचट आहे, एमटीओने गेला. कोपऱ्याजवळ कडक पापडी आहे, ती हलत नाही. मोल्डचा वास आता येत नाही.

भोसरीचा_साचेवाला
छान. मग फक्त पापडीच्या जागी १००० नंबरचा वॉटर पेपर, पुढे १५००, २०००, आणि शेवटी सिलिकॉन नसलेलं रबिंग कंपाऊंड. टवका जेलकोटने भरा, तो पिकल्यावर याच क्रमाने घासा. तीक्ष्ण कोपऱ्याला जमेल तेवढी गोलाई द्या.

सेमी-पर्मनंट घेणार असाल तर वॅक्सचा कणही राहता कामा नये, नाहीतर ते बसतच नाही. धुवून झाल्यावर मोल्डवर पाणी टाका. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ, थेंब-थेंब झालं तर अजून मेण आहे. मग सीलर (मोल्डची बारीक छिद्रं बुजवणारा थर), मग एजंटचे पातळ हात, प्रत्येकाच्या मधे डब्यावर लिहिलेली वेळ पाळून. यातली बरीच हवेतल्या ओलाव्याने पिकतात. म्हणून पावसाळ्यात झाकण उघडं टाकू नका, लागेल तेवढं काढून डबा लगेच घट्ट बंद करा. शेवटी मास्किंग टेप चिकटवून ओढा. सगळीकडे सारखी सहज निघायला हवी. जिथे चिकटून राहील तिथे पुन्हा हात द्या. कोपऱ्यात टेप न चुकता लावा, पार्ट अडकतो तो तिथेच.

पीव्हीए_वापरा
मी विद्यार्थ्यांना सेमी-पर्मनंटपेक्षा वॅक्सवर पीव्हीए (फवारून लावायची, पाण्यात विरघळणारी फिल्म) सुचवेन. पहिला फवारा अगदी धुक्यासारखा, तो चिकटसर झाला की पुढचा ओला. फिल्म पूर्ण वाळल्यावरच ले-अप, म्हणजे कापड आणि रेझिन बसवणं. पार्ट अडकला तर कडेने पाणी सोडा, फिल्म विरघळते. तोटा असा की चमक कमी होते आणि पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो. खोलीत दमट हवा असेल तर दिवे लावून ऊब द्या.

भोसरीचा_साचेवाला
पीव्हीएबद्दल सहमत, मोल्ड महाग आणि एकच असेल तर विम्यासारखं आहे. पण ८० डिग्रीचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. प्लॅस्टिकच्या पाचरी फ्लँजपासून (मोल्डच्या बाहेरच्या कडेपासून) सगळीकडून थोड्या-थोड्या सरकवा, मग कॉम्प्रेसरची हवा.

रंगारी_पिंपरी
एक राहिलं. पार्टवर उतरलेलं रिलीज रंगाला धरू देत नाही, फिशआय (रंगात बारीक खळगे) येतात. आधी सॉल्व्हंटने पुसा आणि मगच ३२० नंबरने घासा. उलट केलंत तर मेण खरवड्यांत घुसतं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मेणाला पुरत नाही, वॅक्स रिमूव्हर घ्या. पार्टवरही पाण्याची तीच चाचणी करा. बॅगकडच्या बाजूला पावसाळ्यात तेलकट थर दिसला तर तो इपॉक्सीच्या हार्डनरचा असतो, कोमट पाण्याने धुतल्याशिवाय तिथे काही चिकटवू नका.