विषय: एका काकूंच्या मांजरी – सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,
नाव लिहीत नाही, कोणी विचारूही नका. शिकागोजवळच्या एक काकू, सत्तरीच्या, काका गेल्यापासून एकट्याच. परवा दिवाळी अंक द्यायला गेले. दार चार बोटं उघडलं तोच डोळे चुरचुरले. जिन्याच्या पायरीपायरीवर मांजर. सतरा मोजल्या. एका पिल्लाचे डोळे चिपडांनी चिकटलेले. "यांना माझ्याशिवाय आहे कोण?" म्हणाल्या आणि दार लोटलं. शनिवारी चौघांनी जाऊन घर साफ करून द्यावं का?
– मेधा

उत्तर:
मेधा, तसलं काही करू नकोस. मी प्राण्यांच्या शेल्टरमध्ये काम करतो, अशी घरं पाहिली आहेत. एका दिवसात रिकामं केलेलं घर पुन्हा भरतं. मांजर नऊ आठवड्यांत विते, पाच महिन्यांची पोरही गाभण राहते. डोळ्यांना झोंबला तो मुताचा अमोनिया. काकूंच्या छातीलाही तो वाईटच.

"मुक्या जिवांवर केवढी माया" म्हणून आपण कौतुक करतो आणि घोटाळा तिथेच होतो. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात, साठवणुकीचा विकार हे स्वतंत्र निदान झालं, त्यात जनावरांचाही उल्लेख आहे. त्यामुळे रागावून उपयोग नाही. पिल्लाच्या डोळ्यांचं निमित्त कर. मग "दोन मांजरींचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून परत तुमच्याकडेच आणते" म्हण, आणि खरंच आण. त्यांचा विश्वास एकदा उडाला की दार कायमचं बंद.
– सुहास

उत्तर:
पण तक्रार केली तर पोलिस येतील ना? मुलाला कळवलं का?
– नीता

उत्तर:
नीताताई, मुलाला कळवाच. आणि साठीपुढच्यांसाठी राज्याची अ‍ॅडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस ही संरक्षण सेवा आहे, स्वतःकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनाही ती मदत करते; तिथे फोन केला म्हणजे कोणी बेड्या घेऊन येत नाही. शिकागोच्या इलिनॉय राज्याच्या कायद्यात अशी जनावरं साठवणाऱ्यांची व्याख्या आहे आणि गुन्हा सिद्ध झाला तर न्यायालयाला मानसिक तपासणीही सांगावी लागते. पण आजारी जनावरं तशीच राहिली, तर मात्र प्राणी नियंत्रण विभागाला सांगावं लागेल. काकू दुखावतील, तरी.
– सुहास

उत्तर:
काल गेले. पिल्लू काकांच्या बुटांच्या खोक्यात घालून माझ्या हातात दिलं. खोक्याला सुईने भोकं पाडली होती, झाकणावर "परत" असं लिहिलेलं. मुलगा रविवारी येतोय. बुधवारी दोघींच्या ऑपरेशनची वेळ मिळाली आहे. कोणाकडे मोठी गाडी आहे का? दोन पिंजरे मावायला हवेत.
– मेधा