प्रभूची हाक तुम्हाला कशी उमगते? आपापले अनुभव लिहा

पाचारण, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी बोलावणं, म्हटलं की पाळक, मिशनरी, धर्मभगिनी डोळ्यांसमोर येतात. मला विचारायचंय ते बाकीच्यांचं. नोकरी, घर, आजारपणं यांच्या धबडग्यात प्रभू काही सांगतोय हे तुम्हाला कसं कळतं? आणि ऐकण्याची सवय हळूहळू लागली असेल, तर ती कशाने? उपदेश नको, स्वतःचं लिहा.

सुरुवात मी करते. बायबलमधली शमुवेलाची गोष्ट (१ शमुवेल ३) लहानपणापासून ऐकलेली, पण मोठेपणी मनात राहिला तो एली, लहानगा शमुवेल ज्याच्या हाताखाली सेवा करायचा तो म्हातारा याजक. रात्री हाक ऐकून, एलीच बोलावतोय असं वाटून शमुवेल तीनदा त्याच्याकडे धावत गेला. हाक परमेश्वराची आहे हे ओळखलं ते दृष्टी मंदावलेल्या एलीने. मलाही मंडळीत अशी एक वडीलधारी बाई भेटली. एखादी गोष्ट मनातून जाता जात नाही, तेव्हा मी तिच्याकडे जाते. ती सल्ला देत नाही. “यात भलं कुणाचं, तुझं की समोरच्याचं?” एवढंच विचारते. त्या प्रश्नाने मला खूप शिकवलं.

*

मी परिचारिका आहे. लांब प्रार्थनेला वेळ मिळत नाही, म्हणून खोलीच्या दाराला हात लावताना “प्रभू, इथे मी काय पाहू?” एवढंच म्हणते. एका रात्री सगळ्या नोंदी ठीक असूनही एका आजोबांकडे परत जावंसं वाटत राहिलं. गेले. त्यांना औषध नको होतं. मुलाशी कित्येक वर्षांचा अबोला होता, त्याबद्दल बोलायचं होतं. पहाटेपर्यंत कामातून वेळ काढून जात राहिले. उजाडल्यावर त्यांनी मला मुलाला फोन लावायला सांगितलं. पुढचं मला माहीत नाही, माझी पाळी संपली होती. ती ओढ देवाचीच होती असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तशी ओढ लागली की मी जाते, आणि गेल्यामुळेच ती पुढच्या वेळी लवकर ओळखू येते.

*

झोपण्याआधी मी दिवस पहिल्यापासून आठवतो : कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं. ही रीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ साली स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. ख्रिस्ताचं आणि संतांचं जीवन वाचून आलेला आनंद मात्र टिकायचा. मी बढतीच्या निर्णयाच्या वेळी हेच पाहिलं. बढतीच्या विचाराने दिवसा हुरळून जायचो, रात्री बेचैन. तुरुंगातल्या बंदिवानांना भेटायला जाण्याचा विचार मात्र सकाळीही तितकाच ताजा असायचा. बढती नाकारली, भेटी सुरू आहेत.

*

सगळं पटलं, पण एक सांगते. “देवाने मला सांगितलंय” या वाक्याने माझ्या ओळखीतल्या एका मुलीवर लग्नासाठी दबाव आणला गेला. म्हणून पारख हवीच. बायबलमध्ये १ योहान ४:१ तेच सांगतं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये ‘मासेदोनियात येऊन आम्हाला मदत कर’ हा दृष्टान्त एकट्या प्रेषित पौलाला झाला, पण देवाने आपल्याला बोलावलंय हे अनुमान सोबत्यांनी मिळून काढलं. मदर तेरेसांना गरिबांमध्ये राहण्याची हाक १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या रेल्वे प्रवासात आली. कॉन्व्हेंट सोडायला परवानगी मिळून त्या बाहेर पडल्या १९४८ मध्ये. खरी हाक थांबल्याने विरत नाही, आणि दुसऱ्याचं ‘नाही’ ती ऐकून घेते.

*

तुमचं वाचून आनंद झाला आणि थोडं रडूही आलं, कारण मला बराच काळ काहीच ऐकू येत नाही. आईला विस्मरणाचा आजार आहे. ती मला ओळखत नाही. तिला भरवणं, पुसणं, रात्री उठणं हेच माझं पाचारण असं समजून करते. तशी खूण मात्र कुठली मिळालेली नाही. आनंदाची स्तोत्रं सध्या ओठांवर येत नाहीत, म्हणून ८८वं म्हणते. त्यात शेवटपर्यंत दिलासा नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे. अशा कोरड्या काळात कुणी प्रार्थना चालू ठेवली असेल, तर कशी, ते लिहाल का? मला खरंच हवं आहे.