शेगडीची झडप आणि पुढच्या माणसाची लाकडं

फिनलंडच्या लॅपलँडमध्ये जानेवारीत रानातल्या लाकडी कुटीत राहायचं तर कपडे काय न्यावेत, असं तुम्ही विचारलंत. कपड्यांबद्दल इतरांनी छान सांगितलंय. मला काळजी वाटते ती शेगडीची.

निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्याची झडप बंद करू नका. ऊब टिकावी म्हणून घाईने लावली, की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. झोपण्याआधी शेवटची लाकडं जरा लवकरच घाला. हे मी कितीही वेळा सांगेन.

तिथल्या खुल्या कुट्यांना 'आउतिओतुपा' म्हणतात. उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात अशा बऱ्याच आहेत. भाडं नाही, आरक्षण नाही, मुक्काम एक-दोन रात्रींचा. उशिरा, दमून आलेल्याला आधी आलेल्यांनी जागा करून द्यायची, हा तिथला रिवाज मला फार आवडतो. निघताना सुकी लाकडं आणि बारीक ढलप्या शेगडीजवळ ठेवून जा. पुढचा माणूस गारठलेल्या बोटांनी काडी ओढणार असतो.

पाण्यासाठी बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी घ्या, नाहीतर भांडं करपतं. भुसभुशीत बर्फात बहुतेक हवाच असते, त्यामुळे भांडंभर बर्फातून पाणी अगदी थोडं मिळतं.

लॅपलँडच्या अगदी उत्तरेला, उत्स्योकीकडे जाणार असाल तर जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, तेवढ्यातच पुढची कुटी गाठा. आणि परतीची तारीख कुणाला तरी नक्की सांगून निघा.