अनुभव धागा : चाळ सोडल्यापासून किल्ली मिळेपर्यंत

गिरगाव, लालबाग, परळ, वरळी या जुन्या मुंबईत चाळींच्या जागी टॉवर उभे राहण्याचे काम सध्या मोठ्या प्रमाणावर चालले आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) खाली करताना वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी मिळते आणि ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. नव्या घराचे चौरस फूट सर्वांना पाठ असतात. परंतु खोली रिकामी करून दिल्यानंतरची वर्षे कशी काढायची, याबद्दल सभेत कोणी बोलत नाही. ज्यांनी ती काढली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझ्या सासूबाईंच्या गिरगावातील इमारतीत येत्या रविवारी संमतिपत्रांवर सह्या घेणार आहेत, म्हणून ही विनंती.

लालबागचा गाळेधारक :
आमचा मसाला कुटण्याचा डंक चाळीच्या तळमजल्यावर होता. काम चालू असताना दुसरीकडे राहण्यासाठी विकासक भाडे देतो, पण गाळ्यापोटी मिळणाऱ्या त्या भाड्यात त्या भागात लहानसे दुकानही मिळत नव्हते, आणि डंक सुरू झाला की जमीन हादरते, त्यामुळे राहत्या इमारतीत कोणी आम्हाला जागा देईना. शेवटी मागच्या गल्लीत पत्र्याची शेड घेतली. आमची वर्षाची कमाई मार्च ते मे या तीन महिन्यांत होते. बायका बेडगी आणि काश्मिरी मिरची उन्हात वाळवून, देठ काढून, गरम मसाला भाजून पिशव्यांतून आणतात आणि कुटून होईपर्यंत डंकासमोरून हलत नाहीत, कारण आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये, ही त्यांची काळजी असते. शेडमध्ये त्यांना बसायला बाकडेही मावत नव्हते. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी गिऱ्हाइके तुटली आणि असे सहा उन्हाळे गेले. नवा गाळा मिळाला तो रस्त्यापासून आत, पार्किंगच्या बाजूला, आणि तिथे डंक लावता येत नाही. गाळेधारकांनी रस्त्याकडील दर्शनी बाजू आणि चालू व्यवसाय या दोन्ही गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. मी फक्त क्षेत्रफळ पाहिले.

वरळी बीडीडी :
आमचे घर म्हाडाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या प्रकल्पात होते, त्यामुळे आमचा अनुभव बराच बरा आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) बांधलेल्या चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसे राहिलो. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत आम्ही होतो. घरात स्वतःचे शौचालय आहे, हे सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईसाठी किती मोठे आहे, ते रात्री सामाईक शौचालयापर्यंत तिचा हात धरून गेलेल्यालाच कळेल. मात्र घरांचे वाटप सोडतीने झाल्यामुळे आमच्या मजल्यावरची वीस बिऱ्हाडे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. आईला दुपारी सोबत करणाऱ्या शेजारच्या काकू आता सव्वीस मजले वर राहतात आणि लिफ्टमध्ये एकटीने जायची दोघींनाही भीती वाटते.

खेतवाडीची सून :
आमच्या इमारतीचे काम जोत्यापर्यंत येऊन थांबले. विकासकाने पहिल्या वर्षाचे भाडे आगाऊ दिले, दुसऱ्या वर्षी चेक वटले नाहीत, आणि मग त्याच्या कार्यालयात फोन उचलणेच बंद झाले. आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो, पण मुलीची शाळा गिरगावातच ठेवली, कारण पुढच्या वर्षी परत यायचेच आहे, असे आम्ही दरवर्षी म्हणत होतो. ती पहिलीपासून दहावीपर्यंत लोकलने शाळेत गेली. सासरे घर न पाहताच गेले आणि खोली त्यांच्या नावावर असल्यामुळे आता वारसांची कागदपत्रे नव्याने करावी लागत आहेत. रखडलेला प्रकल्प ताब्यात घेण्याचा अधिकार म्हाडाला २०२२ च्या कायदादुरुस्तीने मिळाला आहे, त्यानुसार आम्ही भाडेकरूंनी अर्ज केला आहे. आपल्या सासूबाईंना सांगा की ताबा मिळेपर्यंतच्या भाड्याची बँक हमी, म्हणजे विकासकाने भाडे थकवले तर बँक ते देईल अशी हमी, करारात असल्याशिवाय खोलीची चावी देऊ नये.

धागाकर्ती :
आपण तिघांनीही मनापासून लिहिले, आभारी आहे. आमच्या मसुद्यात भाड्याचे कलम आहे, पण बँक हमीचा उल्लेख कुठेही नाही. आजच सासूबाईंना आणि शेजारच्या दोन भाडेकरूंना ते दाखवले आहे. ज्यांच्या करारात अशी हमी आहे त्यांनी ते कलम शनिवारपर्यंत इथे जसेच्या तसे द्यावे.